प्रायमरी निवडणुका, अमेरिकेतील अध्यक्षीय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरविण्याकरिता राज्यवार होणारे पक्षांतर्गत मतदान. नोव्हेंबरातील मुख्य निवडणुकीआधी, साधारणपणे जानेवारी ते जून या काळात, ते राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी होते. मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो. त्या मतांच्या आधारे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी ठरतात आणि अधिवेशनात बहुमत मिळविणाऱ्याला उमेदवारी मिळते. काही राज्यांत मतपेटीऐवजी कार्यकर्त्यांच्या व समर्थकांच्या सभा होतात. त्यांना कॉकस म्हणतात. प्रायमरी बहुधा राज्य सरकार सरकारी खर्चाने घेते, तर कॉकस पक्ष स्वतः भरवितो. भारतात पक्षश्रेष्ठी तिकीट देतात. अमेरिकेत तो अधिकार सामान्य मतदाराकडे गेला, पण सर्व राज्यांच्या मतदारांकडे सारखा गेला नाही. या पद्धतीविषयीची मुख्य तक्रार हीच आहे.

मतदान एका दिवशी होत नसल्याने पहिल्या दोन-तीन राज्यांच्या निकालांची छाप पुढच्या सर्व राज्यांतील निवडीवर पडते. तेथे मागे पडलेल्याच्या देणग्या आटतात, वृत्तपत्रे त्याला विसरतात आणि तो माघार घेतो. शेवटी मतदान करणाऱ्या राज्यांतील नागरिक मतपत्रिका हातात घेतात तेव्हा पुष्कळदा निकाल लागून गेलेला असतो.

उगम : अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख नाही, त्यामुळे उमेदवारीच्या पद्धतीचाही नाही. सुरुवातीस काँग्रेसमधील (अमेरिकी संसदेतील) पक्षसदस्यच उमेदवार ठरवीत. ही प्रथा १८२४ च्या निवडणुकीनंतर मोडली. १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक पक्षाने बाल्टिमोर येथे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरविले व मोठ्या पक्षांनी तोच मार्ग धरला. अधिवेशनांवर स्थानिक पुढाऱ्यांची पकड बसल्यावर सुधारकांनी प्रायमरीचा आग्रह धरला. विस्कॉन्सिनने १९०५ मध्ये प्रतिनिधींच्या थेट निवडीचा कायदा केला; ऑरेगनने १९१० मध्ये मतदाराला थेट उमेदवाराविषयी पसंती नोंदविण्याची सोय केली. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी शिकागोच्या अधिवेशनाने विल्यम टाफ्ट यांनाच उमेदवारी दिली. पुढील अर्धशतक प्रायमरी ही केवळ बळ दाखविण्याची जागा राहिली.

खरा बदल १९६८ नंतरचा. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांचा क्षोभ शिकागोच्या रस्त्यांवर उसळला आणि पोलिसांनी निदर्शकांना झोडपल्याची दृश्ये देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. त्यानंतर पक्षाने नेमलेल्या मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोगाने प्रतिनिधींची निवड खुली, वेळेवर व जाहीर नियमांनी व्हावी असे ठरविले. हे नियम पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून अनेक राज्यांनी प्रायमरीचे कायदे केले आणि ते रिपब्लिकन पक्षालाही लागू झाले. मतदान कोणत्या क्रमाने व्हावे, याविषयी मात्र कोणतीही राष्ट्रीय योजना झाली नाही. जी राज्ये तेव्हा योगायोगाने पुढे होती ती पुढेच राहिली.

न्यू हॅम्पशायर : ईशान्येकडील या छोट्या राज्याचा पहिला क्रमांक काटकसरीतून आला. १९१३ च्या कायद्याने प्रायमरी मे महिन्यात ठरली होती. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावोगावी वार्षिक ग्रामसभा भरतातच, मग सभागृह दोनदा कशाला उघडायचे, या विचाराने १९१५ मध्ये तारीख मार्चवर आणली गेली. १९१६ मध्ये इंडियाना आठवडाभर पुढे होते आणि मिनेसोटाचे मतदान त्याच दिवशी होते. १९२० पर्यंत इंडियानाने तारीख मे महिन्यावर नेली, मिनेसोटाने प्रायमरीच सोडली आणि न्यू हॅम्पशायर पहिले ठरले. मतपत्रिकेवर तेव्हा फक्त प्रतिनिधींची नावे असत. १९४९ मध्ये राज्य विधिमंडळाचे सभापती रिचर्ड अप्टन यांच्या पुढाकाराने अध्यक्षपदाच्या इच्छुकांची नावेही छापण्याचा कायदा झाला. १९५२ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. रिपब्लिकन पक्षात आयझेनहॉवर यांनी रॉबर्ट टाफ्ट यांना हरविले, तर डेमोक्रॅटिक पक्षात सिनेटर केफॉवर यांनी विद्यमान अध्यक्ष ट्रुमन यांना मागे टाकले. त्याच महिन्याच्या अखेरीस ट्रुमन यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले.

येथे विजयापेक्षा अपेक्षेचे माप मोठे ठरते. १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांना युजीन मॅकार्थी यांच्यापेक्षा अधिक मते होती, पण मॅकार्थी ४२ टक्क्यांवर पोहोचल्याने तो जॉन्सन यांचा पराभव समजला गेला; ३१ मार्चला ते शर्यतीतून बाहेर पडले. १९७२ मध्ये शेजारच्या मेन राज्याचे एडमंड मस्की पहिले आले, तरी मताधिक्य अपेक्षेहून कमी म्हणून त्यांची घसरण सुरू झाली. किती मते म्हणजे यश, हे मतदार ठरवीत नाहीत. वार्ताहर व विश्लेषक ठरवितात. प्रायमरी पद्धतीचा हा एक दोष होय.

१९७५ मध्ये राज्याने आपली प्रायमरी पहिलीच असेल असा कायदा केला. तशाच अन्य कोणत्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी ती ठेवण्याचे बंधन पुढे त्यात आले आणि तारीख ठरविण्याचा अधिकार राज्य सचिवाकडे गेला. १९७६ ते २०२२ या काळात या पदावर असलेले बिल गार्डनर इतर राज्यांच्या तारखा निश्चित होईपर्यंत आपली तारीख जाहीर करीत नसत. उत्तरेकडील डिक्सव्हिल नॉच या वस्तीत १९६० पासून मध्यरात्रीच मतदान होते. २०२४ मध्ये तेथे एकूण सहा मते पडली, तीही जगभर बातमी झाली.

आयोवा : प्रायमरीऐवजी कॉकसची पद्धत असलेल्या या राज्यात १९७२ मध्ये नव्या पक्षनियमांनुसार केंद्र, काउंटी, जिल्हा व राज्य अशा प्रत्येक टप्प्यामध्ये पुरेसे दिवस ठेवणे आवश्यक झाले. कागदपत्रांच्या प्रती काढण्याचे यंत्र जुने होते व राज्य अधिवेशनासाठी हॉटेलच्या खोल्या हव्या त्या तारखांना मिळत नव्हत्या, असेही सांगितले जाते. उलटी गणना करता पहिली सभा २४ जानेवारीवर आली, म्हणजे न्यू हॅम्पशायरच्याही आधी. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी या संधीचे महत्त्व ओळखले. त्या कॉकसमध्ये ‘कोणालाही वचनबद्ध नाही’ हा पर्याय पहिला आला आणि कार्टर दुसरे. पण उमेदवारांत ते अव्वल, एवढे त्यांना पुरले.

डेमोक्रॅटिक कॉकसची जुनी रीत अशी : थंडीच्या रात्री लोक शाळेत, चर्चमध्ये वा सभागृहात जमत, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहत आणि १५ टक्क्यांहून कमी असलेल्या गटातील माणसे दुसऱ्या गटात जात. मत गुप्त नसे. रात्रपाळीचा कामगार, लहान मुलांची आई, घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध व अपंग यांना यात भाग घेणे कठीण होते. हा आक्षेप नुसता तात्त्विक म्हणता येणार नाही. पहिला कौल ठरविणाऱ्यांतून ही माणसे दर वेळी वगळली जात.

मोजणीही विश्वासार्ह राहिली नाही. २०१२ मध्ये रिपब्लिकन कॉकसच्या रात्री मिट रॉमनी आठ मतांनी विजयी घोषित झाले. १९ जानेवारीला जाहीर झालेल्या अधिकृत आकड्यांत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि आठ केंद्रांचे निकाल सापडलेच नाहीत. तोवर न्यू हॅम्पशायरचे मतदान उरकून रॉमनी दोन राज्यांचे विजेते म्हणून पुढे गेले होते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे निकाल कळविण्याचे मोबाइल अॅप बिघडले, दूरध्वनीच्या वाहिन्या तुंबल्या आणि त्या रात्री निकालच आला नाही. असोसिएटेड प्रेसने अखेरपर्यंत विजेता घोषित केला नाही. राज्य पक्षाध्यक्षांनी राजीनामा दिला.

आक्षेप : २०२० च्या जनगणनेनुसार आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख व न्यू हॅम्पशायरची सुमारे १४ लाख, दोन्ही मिळून ३३ कोटींच्या देशाच्या दीड टक्क्याहून कमी. दोन्हीकडे पाचांतील चाराहून अधिक लोक श्वेतवर्णीय आहेत. मोठे महानगर कोठेच नाही. कृष्णवर्णीय मतदारांवर भिस्त असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवाराची पहिली पारख येथे करावी हे विसंगत आहे. मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलला मिळणारे सरकारी पाठबळ आयोवातील प्रचाराचा ठरीव विषय बनले. २००० मध्ये त्या अनुदानाचे विरोधक, रिपब्लिकन इच्छुक जॉन मकेन यांनी तेथे लढणेच टाळले. २०१६ मध्ये त्याच पक्षाचे टेड क्रूझ मात्र इथेनॉलच्या सक्तीला विरोध करूनही तेथे जिंकले, त्यामुळे या प्रभावाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

लोकसंख्येने सर्वांत मोठ्या कॅलिफोर्निया राज्याची ओढाताण बोलकी आहे. दीर्घकाळ जूनमध्ये मतदान करणाऱ्या या राज्याने १९९६ मध्ये तारीख मार्चवर आणली, २००८ मध्ये ५ फेब्रुवारीवर, २०१२ मध्ये पुन्हा जूनवर आणि २०२० मध्ये परत मार्चवर. २०१६ मध्ये तेथे ७ जूनला मतदान होते; आदल्या संध्याकाळीच हिलरी क्लिंटन यांची डेमोक्रॅटिक उमेदवारी निश्चित झाल्याचे वृत्त प्रसृत झाले. २०२० मध्ये उलट घडले. डेमोक्रॅटिक इच्छुक पीट बुटिजेज व एमी क्लोबुचर यांनी ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूजडे’आधी, म्हणजे अनेक राज्यांच्या एकत्रित मतदानदिवसाआधी, एक-दोन दिवसांत माघार घेतली, तेव्हा असंख्य मतदारांनी त्यांच्या नावाची मते टपालाने पाठवून दिली होती. उशिरा मत देणाऱ्याचे मत वाया जाते आणि घाईने देणाऱ्याचेही.

पुढे सरकण्याची चढाओढ पक्षांना आवरता आली नाही. २००८ मध्ये मिशिगन व फ्लोरिडा यांनी नियम मोडून जानेवारीत प्रायमरी घेतल्या. डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे सर्व प्रतिनिधी रद्द केले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर बराक ओबामा यांचे नावही नव्हते. ३१ मे रोजी प्रत्येक प्रतिनिधीला अर्धे मत देण्यात आले आणि ऑगस्टमध्ये पूर्ण.

या क्रमाचे समर्थक म्हणतात की लहान राज्यात थोड्या पैशांत घरोघरी जाता येते व अनोळखी उमेदवाराला संधी मिळते. कार्टर यांचे उदाहरण त्यांच्या बाजूचे आहे. २००८ मध्ये श्वेतबहुल आयोवाने ओबामांना कौल दिला हेही. या गुणाचा लाभ त्याच दोन राज्यांना दर वेळी का मिळावा, याचे समाधानकारक उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

नेव्हाडा व दक्षिण कॅरोलायना : वांशिक व प्रादेशिक विविधतेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाने ही राज्ये २००८ पासून आरंभीच्या गटात घेतली.

प्रदेश : राज्याचा दर्जा नसलेल्या ग्वाम, पोर्तो रिको इत्यादींना मुख्य निवडणुकीत मत नाही, अधिवेशनात प्रतिनिधित्व आहे.

अन्य पदे : गव्हर्नर, काँग्रेस सदस्य यांच्या प्रायमरी एकाच राज्याच्या वा मतदारसंघाच्या असल्याने त्यांत क्रमाचा प्रश्न येत नाही. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत २०१८ मध्ये हरले आणि २०२२ मध्ये काँग्रेससाठीची प्रायमरी जिंकून निवडून आले.

सुधारणेचे प्रयत्न : राज्य सचिवांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्ये देशाचे चार विभाग पाडून प्रत्येक निवडणुकीत त्यांचा क्रम फिरता ठेवण्याची योजना मांडली. लहान राज्यांनी आधी व मोठ्यांनी शेवटी मतदान करावे, ही ‘डेलावेअर योजना’ रिपब्लिकन पक्षाने २००० मध्ये बाजूला सारली. माजी अध्यक्ष कार्टर व माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या आयोगाने २००५ मध्ये विभागीय प्रायमरींची शिफारस केली, पण आयोवा व न्यू हॅम्पशायर यांना अग्रस्थानी कायम ठेवून. फिरत्या क्रमाची योजना त्यांतल्या त्यात न्याय्य आहे. अडचण अधिकाराची आहे. तारीख राज्याच्या कायद्याने ठरते, प्रतिनिधी स्वीकारणे पक्षाच्या हाती असते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७५ व १९८१ च्या निकालांत पक्षाचा हा अधिकार मान्य केला आहे. राज्य पक्षाला वाकवू शकत नाही, पक्ष राज्याला नाही.

२०२४ चा फेरबदल : २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे व न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते, दक्षिण कॅरोलायनाने त्यांना तारले. त्यांच्या सूचनेवरून डेमोक्रॅटिक पक्षाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या राज्याला ३ फेब्रुवारी २०२४ ही पहिली तारीख दिली. तेथील डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात, म्हणून निर्णय समर्थनीय होता. त्यात तेव्हाच्या अध्यक्षाची सोय होती, हेही खरे. आयोवातील डेमोक्रॅटिक पक्षाने टपाली मतदान घेऊन निकाल ५ मार्चला जाहीर केला. रिपब्लिकन पक्षाने जुना क्रम ठेवला आणि १५ जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत आयोवातील सुमारे १ लाख १० हजार लोकांच्या मतदानातून डॉनल्ड ट्रम्प यांची आघाडी पक्की झाली. न्यू हॅम्पशायरने आपला कायदा पाळून २३ जानेवारीस प्रायमरी घेतली. बायडन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. समर्थकांनी ते हाताने लिहून त्यांना विजयी केले. राष्ट्रीय डेमोक्रॅटिक पक्षाने ही प्रायमरी ग्राह्य धरली नव्हती. एप्रिलमध्ये राज्य पक्षाने वेगळी निवड पार पाडल्यावर तेथील प्रतिनिधींना अधिवेशनात प्रवेश मिळाला. राज्याचा १९७५ चा कायदा जागच्या जागी राहिला.