ज्याला पुढचे ठाऊक आहे

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक मनाने मागल्या काळात जातोच. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पासून, म्हणजे १८७१ पासून, मराठी वाचकाला ही वाट परिचयाची आहे. परंतु आजचाच एखादा माणूस, आजचे ज्ञान बरोबर घेऊन, त्या काळात शिरला आणि तिथे त्याचा कुणावर जीव जडला, तर? या कल्पनेवर पाश्चात्त्य वाङ्मयात कादंबऱ्यांची एक शाखाच उभी राहिली आहे. तिला निव्वळ करमणूक म्हणून बाजूस सारणे आम्हांस योग्य वाटत नाही.

डायना गॅबल्डन यांची १९९१ साली निघालेली 'आउटलँडर' घ्या. दुसऱ्या महायुद्धात काम केलेली एक परिचारिका अठराव्या शतकातील स्कॉटलंडात जाऊन पडते आणि तेथील एका तरुणाशी तिचे लग्न होते. १७४६ साली कलोडनच्या माळावर त्याच्या लोकांचा घात होणार, हे तिला ठाऊक आहे. पुढील भागात दोघे तो अनर्थ टाळण्याची पराकाष्ठा करतात. तो टळत नाही.

आपले कलोडन म्हणजे पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या विचारला. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्याला विज्ञानाची जोड दिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात पोचतात, की जिथे ती गोळी चुकली आणि मराठे जिंकले. हेच नारळीकर २०२१ साली आपल्या नाशकात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कथेत तर्क आहे, कुतूहल आहे. प्रेमाची कहाणी सांगणे हे तिचे प्रयोजन नव्हे.

ती कहाणी रणजित देसाईंच्या 'स्वामी'त आहे. १९६२ सालच्या या कादंबरीत माधवराव आणि रमाबाई यांचा संसार आहे, पण काळाची उलथापालथ नाही. १७७२ साली थेऊरला जे घडले, तेच तिथे घडते. मग वाचकाचे मन का हेलावते? कारण शेवट त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतो आणि रमाबाईंना तो सांगता येत नाही. त्या परिचारिकेची जी अवस्था, तीच आपली. या कादंबरीत कालप्रवासी कुणी असेल, तर तो वाचक होय.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की कादंबरीकाराने काळात खुशाल मागेपुढे जावे. पण पराभव पुसून आपले समाधान करण्यासाठी जाऊ नये. सनावळीत न मावलेले दुःख आणण्यासाठी जावे.

असे दुःख शोधण्यास नाशिककरांनी दूर जाण्याचे कारण नाही. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांच्या आई गोपिकाबाई यांनी उत्तरायुष्य गोदाकाठी गंगापुरास घालविले. पानिपतावर थोरला गेला, थेऊरला दुसरा, १७७३ साली शनिवारवाड्यात तिसऱ्याचा खून झाला. त्या १७८८ पर्यंत जगल्या. ती गोळी चुकती तर राज्याचे काय झाले असते, याचा हिशेब विद्वानांनी पुष्कळ मांडला. गंगापुरच्या त्या घरात जाऊन, सारे ठाऊक असताना, त्या आईसमोर बसेल असा कादंबरीकार आम्हांस हवा आहे.