विल्यम : जेत्याचें नांव, जितांची भाषा

विल्यम हें नांव इंग्रजांत इतकें घरगुती झालें आहे कीं, तें मुळांत इंग्लंडचें नव्हे हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. प्राचीन जर्मानिक भाषेंतील 'विल' म्हणजे इच्छा अथवा निश्चय आणि 'हेल्म' म्हणजे शिरस्त्राण, या दोन शब्दांच्या संयोगानें तें बनलें. जर्मनींत त्याचें विल्हेल्म झालें, फ्रान्सांत गिलोम झालें; इंग्लंडांत मात्र तें तलवारीच्या वाटेनें रूढ झालें.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानें हेस्टिंग्जच्या रणांत हॅरल्ड राजाचा पराभव केला आणि त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं वेस्टमिन्स्टर येथें स्वतःस राज्याभिषेक करविला. जमीनजुमला नॉर्मन सरदारांच्या हातीं गेला, दरबारांत फ्रेंच भाषा बसली, आणि हळूहळू जितांच्या घरचीं बारशींहि बदललीं. लिओफ्रिक, वुल्फस्टन हीं जुनीं नांवें मागें पडलीं. एडवर्डासारखें एखादें टिकलें तें संताच्या पुण्याईवर. ज्यानें राज्य हिरावलें त्याचेंच नांव सामान्य लोक आपल्या मुलांस ठेवूं लागले. बाराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हें इंग्लंडांतील अत्यंत रूढ नांवांपैकीं एक झालें होतें.

तथापि दरबारांतून उठविलेल्या त्या इंग्रजी भाषेस पुढें ज्यांनीं वैभवास चढविलें, त्यांतील अग्रगण्य पुरुषहि विल्यमच होते. विल्यम कॅक्स्टन यानें इंग्लंडांतील पहिला छापखाना १४७६ मध्यें घातला, तो त्याच वेस्टमिन्स्टर येथें. विल्यम टिंडल यानें बायबलाचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजींत आणला. १५३६ मध्यें पाखंडी ठरवून त्यास देहान्त शिक्षा देण्यांत आली. आणि १५६४ मध्यें स्ट्रॅटफर्ड गांवीं, हातमोजे करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं विल्यम शेक्सपिअर जन्मास आला.

मराठीचाहि या नांवाशीं ऋणानुबंध आहे. कलकत्त्याचा फोर्ट विल्यम किल्ला तिसऱ्या विल्यम राजाच्या नांवाचा. तेथील कॉलेजांत विल्यम केरी हा मिशनरी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस मराठी शिकवी. तरुणपणीं जोडे शिवून पोट भरणाऱ्या या गृहस्थानें बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यांतून १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण आणि १८१० मध्यें कोश प्रसिद्ध केला. हेतु राज्यकारभाराचा व धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे. येथेंहि विल्यम आला तो जेत्यांबरोबरच. परंतु जितांची भाषा शिकण्यासाठीं त्यास वैजनाथ पंडितासमोर विद्यार्थी होऊन बसावें लागलें.