वहीच्या शिवलेल्या पानांपासून ब्लॉकचेनपर्यंत

एम.एस्सी.ला असताना प्रॅक्टिकलचं जर्नल मी सबमिशनच्या आदल्या रात्री बसून पूर्ण केलं होतं. वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळी पेनं. खपून गेलं. हे आज का सांगतोय ते शेवटी कळेल.

पीएच.डी.च्या पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये मी ठोकून दिलं, "ब्लॉकचेनचा शोध २००८ साली सातोशी नाकामोतो यांनी लावला." गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "तो पेपर शेवटच्या पानापासून वाच." शेवटचं पान म्हणजे संदर्भसूची. बिटकॉइनच्या त्या नऊ पानी पेपरात संदर्भ आहेत फक्त आठ, आणि त्यांतले तीन स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या जोडीचे. गंमत म्हणजे 'ब्लॉकचेन' हा शब्द त्या पेपरात कुठेच नाही.

हेबर आणि स्टॉर्नेटा अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांचा १९९१ चा पेपर सुरू होतो तो संशोधकाच्या वहीपासून. नोंदी एकापाठोपाठ एक, मध्ये कोरं पान नाही, पानांना क्रमांक आणि पानं शिवलेली. अशा वहीत मागाहून काही घुसडलं तर खुणा राहतात. पण संगणकावरच्या फाईलचं काय? ती बदलली तर मागमूसही राहत नाही. मग एखादा मजकूर अमुक तारखेला होता हे सिद्ध कसं करायचं?

सोपं उत्तर असं की एका विश्वासू कार्यालयाकडे प्रत ठेवायची आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. पण त्यात अडचणी आहेत. आपला मजकूर दुसऱ्याच्या हाती जातो. एवढ्या फाईली साठवायच्या कुठे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, शिक्का मारणाराच फितूर झाला तर?

पहिल्या दोन अडचणी हॅशने सुटतात. हॅश म्हणजे मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा. कितीही मोठी फाईल द्या, ठरावीक लांबीचा आकडा मिळतो. मजकुरातला एक काना बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही. म्हणजे कार्यालयाकडे फक्त ठसा पाठवला की काम झालं.

तिसऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणजे साखळी. प्रत्येक नव्या दाखल्यात आधीच्या दाखल्याचा ठसा गुंफायचा. आता मध्येच खोटा दाखला घालायचा तर पुढचे सगळे दाखले बदलावे लागतील, आणि ते तर इतर ग्राहकांच्या हातात आधीच गेलेले! शिवलेली पानं ती हीच.

पुढे १९९३ मध्ये डेव्ह बायर यांच्यासोबत त्यांनी यात मर्कल वृक्ष आणला. ही कल्पना राल्फ मर्कल यांची, १९७९ च्या सुमाराची. ठशांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीचा नवा ठसा काढायचा, असं करत एकच मूळ ठसा उरतो. हजार कागदपत्रांपैकी एक त्यात आहे हे दाखवायला मग फक्त दहाएक ठसे पुरतात.

आणि तो मूळ ठसा सगळ्यांसमोर ठेवायचा कुठे? त्यांच्या शुअरटी या कंपनीने १९९५ पासून तो दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. घरोघरी गेलेले अंक परत गोळा करून कोण बदलणार?

बरं, मग नाकामोतोंनी नवीन काय केलं? वरच्या रचनेत नोंदींचा क्रम अजूनही एक कंपनीच ठरवत होती. ती मधली व्यक्ती काढायला त्यांनी कामाचा पुरावा वापरला. हेही उसनंच. १९९२ मध्ये सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनी नकोशा ईमेलवर उपाय सुचवला होता की पाठवणाऱ्याने आधी थोडी आकडेमोड करावी. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी 'हॅशकॅश' आणलं, तेही याच धर्तीवर. नाकामोतोंनी ही आकडेमोड पुढचा ब्लॉक कोण जोडणार हे ठरवायला लावली, आणि ज्या साखळीत सर्वाधिक काम ओतलंय ती खरी मानली. व्यवहार कुणाचा हे सांगायला डिजिटल सही होतीच, तीही १९७० च्या दशकातली. सुटे भाग जुने, जुळणी नवी. त्यांचं श्रेय यामुळे कमी होत नाही, उलट ते नेमकं कशाचं आहे हे कळतं.

आता माझं जर्नल. त्याला असा शिक्का असता तर सगळे प्रयोग एकाच रात्री जन्मले हे लगेच उघड झालं असतं. पण मी दर आठवड्याला, वेळच्या वेळी, खोटी रीडिंग्ज लिहिली असती तर? साखळीने ती तितक्याच इमानाने जपली असती. कधी लिहिलं आणि नंतर बदललं का, एवढंच ती सांगते. लिहिलेलं खरं आहे का, हे तिला ठाऊक नसतं. 'ब्लॉकचेनमुळे माहिती विश्वासार्ह होईल' असं वाक्य तुमच्या प्रपोजलमध्ये असेल, तर एकदा इथे थांबा. पहिली नोंद कोण करतं, ते आधी लिहा.