झडीच्या दिवसांत कौंडण्यपूर

पावसाळ्यात प्रवासाला निघू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत. त्यामागे मोठी परंपरा आहे. भगवान बुद्धांनी भिक्षूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. जैन साधूही चातुर्मासात गाव सोडत नाहीत. वाटा चिखलाच्या, नद्यांना पूर, पायाखाली कोवळी पिके आणि असंख्य जीवजंतू. अशा दिवसांत हिंडण्यापेक्षा छपराखाली बसावे, ऐकावे, वाचावे, हे शहाणपण त्यात होते.

आजचा प्रवासी थांबत नाही. रजा मिळाली की तो निघतो, मग वर आभाळ असो की ऊन. आणि आमच्या वऱ्हाडात एकदा झड लागली, की तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. मग प्रश्न पडतो, की आलो तर आहोत, आता पाहायचे काय?

हा प्रश्न जपानी माणसाला दरवर्षी पडतो. तिथे जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत रिपरिप चालते. 'उमे' नावाचे आंबट फळ पिकण्याचा हा काळ, म्हणून लिहिताना या पावसाला त्या फळाचे नाव देतात आणि बोलताना 'त्सुयु' म्हणतात. अशा दिवसांत क्योतोला आलेला पाहुणा सान्जूसान्गेन्दो नावाच्या मंदिरात जातो. ११६४ साली बांधलेले, आगीत जळाल्यावर १२६६ साली पुन्हा उभे राहिलेले हे लाकडी मंदिर सुमारे १२० मीटर लांब आहे. आत कान्नोन, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत. त्यांच्या रक्षणाला वायुदेव आहे, मेघगर्जनेचा देव आहे आणि चक्क बासरी वाजवणारा गरुडही आहे. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि पावसाचे मानकरी आत, कोरड्यात उभे असतात.

त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते नारा शहरातले शोसोइन हे भांडारगृह. ७५६ साली जपानच्या सम्राज्ञीने दिवंगत पतीच्या वस्तू तिथल्या मोठ्या बुद्धमंदिराला अर्पण केल्या. त्या या लाकडी कोठारात ठेवल्या गेल्या. जमिनीपासून चांगले उंच उचललेले जोते, जाड ओंडक्यांच्या भिंती, आत देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या पेट्या. वाद्ये, रेशमी वस्त्रे, काचेची भांडी, कागद, औषधे अशा नाजूक वस्तू साडेबाराशे वर्षे टिकल्या. ज्या देशात पाऊस, भूकंप आणि आगी यांची कमतरता नाही, तिथे हे घडले. ओल कुठून येते हे त्या लोकांनी ओळखले होते आणि त्याप्रमाणे छप्पर घातले होते.

जपानचे एवढे लांबण लावले, ते कौंडण्यपूरची गोष्ट सांगण्यासाठी. अमरावतीपासून साधारण ४० किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी हे गाव आहे. नदीपलीकडे वर्धा जिल्हा. पुराणांतले कुंडिनपूर ते हेच, अशी परंपरा आहे. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याची मुलगी रुक्मिणी, तिने कृष्णाला पाठवलेला निरोप आणि अंबिकेच्या देवळातून झालेले हरण, ही कथा वऱ्हाडात कोणाला सांगावी लागत नाही. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकातला नायक माधव हाही शिकण्यासाठी परगावी गेलेला कुंडिनपूरचाच मुलगा आहे.

उन्हाळ्यात किंवा कार्तिकातल्या यात्रेच्या वेळी गेलात, तर नदी, घाट, देवळे, उंचवटे सगळे डोळ्यांखालून घालता येते. झडीत मात्र पायऱ्या निसरड्या होतात, नदी गढूळ आणि रुंद होते, टेकाडावर चढायची सोय राहत नाही. पाहुणे वैतागतात. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले आणि माझे मत उलटे झाले आहे. कौंडण्यपूर समजून घ्यायचे असेल, तर एकदा तरी पावसात जावे. कारण या गावाच्या इतिहासातले काय वाचले आणि काय वाहून गेले, हे पाऊसच दाखवतो.

आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे घरे पडत राहतात, चुलींची राख साठते, शेण-माती कुजते आणि त्या जागेची माती पांढुरकी, भुसभुशीत होते. नव्या घराचा पाया जुन्या घराच्या ढिगावर बसतो आणि बघता बघता टेकाड तयार होते. अशी पांढरीची टेकाडे विदर्भात नद्यांच्या काठी ठिकठिकाणी आहेत. पावसाचे पाणी या मातीला ओघळी पाडते. पाऊस उघडल्यावर त्या ओघळीत खापराचे तुकडे, शंखाच्या बांगडीचा तुकडा, एखादा मणी वर आलेला दिसतो. म्हणजे पांढरीतले पहिले उत्खनन पाऊसच करतो. फरक इतकाच, की तो नोंद ठेवत नाही. पाण्याबरोबर माती नदीला जाते आणि माणसेही हातभार लावतात. पांढरीची माती भिंती लिंपायला चांगली आणि शेताला खत म्हणून उत्तम. एकेक गाडी माती जाते, आणि तिच्यासोबत एकेका पिढीचे घर जाते.

कौंडण्यपूरला नोंद ठेवणारे उत्खनन झाले ते १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात. महाराष्ट्र शासनाच्या वतीने डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी ते केले. त्याआधी त्यांनी त्रिपुरी आणि सिरपूर येथे उत्खनने केली होती. प्राचीन मणी आणि भारतीय काच हे त्यांच्या खास अभ्यासाचे विषय. कौंडण्यपूरचा त्यांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. लोखंड वापरणाऱ्या आरंभीच्या वस्तीपासून सातवाहनांच्या काळापर्यंत आणि पुढेही लोक येथे राहत होते, हे थरांवरून दिसले. म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुने गाव.

सर्वांत खालच्या काळातली भांडी काळी-तांबडी आहेत, आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. दोन रंग दिलेले नाहीत. भांडे भट्टीत पालथे घातले, की आतल्या बाजूला आणि काठाला हवा मिळत नाही, ती बाजू काळी पडते. बाहेरच्या बाजूला हवा लागते, ती तांबडी होते. एका खापरावरून कुंभाराने भांडे कसे रचले हे अडीच हजार वर्षांनी सांगता येते. राजाराणीच्या गोष्टीत हा कुंभार कुठेच नसतो.

एकदा विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो होतो. पावसाने गाठले, म्हणून देवळाच्या सभामंडपात बसलो आणि मी ही सगळी हकिकत सांगितली. ऐकून झाल्यावर एका मुलीने विचारले, "मंग ते समदं आता कुठी हाये, सर?"

प्रश्न साधा होता. उत्खननात निघालेली वस्तू सरकारजमा होते, तिच्यावर क्रमांक पडतो, ती पेटीत जाते. त्यातली थोडी संग्रहालयाच्या काचेत येते, बाकीची भांडारात राहते. हे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नाही, हे मला दिसले.

विदर्भात वस्तूंना असे छप्पर देण्याची सुरुवात नागपूरला झाली, आणि त्या सुरुवातीशी पावसाची एक करुण आठवण जोडलेली आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात शाळा चालवत आणि विदर्भातले दगड, जीवाश्म, शिळावर्तुळे यांचा अभ्यास करत. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला ते गेले. परतताना संध्याकाळी घोड्यावरून एकटे येत असता, पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचे. त्याच १८६३ साली, चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोक त्याला 'अजब बंगला' म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झाले. मूर्ती, शिलालेख, शस्त्रे, आदिवासींच्या वस्तू, पेंढा भरलेले प्राणी, सगळे एका छपराखाली. पावसाचा दिवस घालवायला याहून चांगली जागा विदर्भात मला माहीत नाही. फक्त संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून आधी चौकशी करून निघावे.

वस्तूंचे हे झाले. कथेला छप्पर मिळाले ते देवळाच्या सभामंडपात आणि मठांत. चातुर्मास म्हणजे पोथीचा काळ. पेरण्या आटोपलेल्या, बाहेर पाऊस, आणि सभामंडपात कोणीतरी वाचतो आहे, बाकीचे ऐकत आहेत. रुक्मिणीची कथा मराठीत वारंवार लिहिली गेली, ती अशा ऐकणाऱ्यांमुळे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदंबेने धवळे रचले. त्यांचा विषय रुक्मिणीचे लग्न आणि रचले गेले ते याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात. पुढे नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले आणि १५७१ साली एकनाथांनी काशीत आपले 'रुक्मिणीस्वयंवर' पुरे केले. महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहून मठांत जपल्या. विसाव्या शतकात ती लिपी बाहेरच्या अभ्यासकांना उलगडली, तेव्हा मराठीचे केवढे धन सुरक्षित राहिले आहे, हे कळले. राज्याचे मराठी भाषा विद्यापीठ आज रिद्धपूरलाच आहे.

कथा आणि माती यांची गाठ कुठे पडते का? एका ठिकाणी ती थोडी पडते. कृष्णाकडून हार पत्करावी लागल्यावर रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कुंडिनपुरात परतला नाही, त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले, असे कथा सांगते. आता अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पाहा. तो पाचव्या शतकातला. मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची ती नोंद आहे. चर्मांक म्हणजे आजचे चम्मक. हे गाव कोणत्या प्रदेशात? तर 'भोजकट राज्यात', असे ताम्रपट म्हणतो. यावरून रुक्मिणीचे लग्न सिद्ध होत नाही. पण कथेतले नाव पंधराशे वर्षांपूर्वी सरकारी कागदात, म्हणजे तांब्यात, प्रदेशाचे नाव म्हणून चालू होते, एवढे नक्की कळते. इतिहासात एवढे मिळाले तरी पुष्कळ असते.

झडीच्या दिवसांत या भागात येणाऱ्यांना म्हणून मी सांगतो, की एक दिवस कौंडण्यपूरच्या सभामंडपात बसा. इथून रुक्मिणीची पालखी आषाढीसाठी पायी पंढरपूरला जाते. १५९४ पासून ती जाते, असे परंपरा सांगते. ती वारी करून आलेला कोणीतरी तिथे भेटेल, त्याला बोलते करा. जाता-येता याच तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला थांबा. तिथले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते, ही आठवणही त्या निमित्ताने ताजी होईल. दुसरा दिवस रिद्धपूरला द्या आणि तिसरा नागपूरच्या अजब बंगल्याला.

आणि एक मागणे. ज्या गावाच्या पांढरीत उत्खनन झाले, त्या गावातल्या मुलाला आपल्या गावचे मडके पाहायला लांब जावे लागू नये. विदर्भातल्या अशा प्रत्येक गावी एक कोरडी खोली असावी. मूळ वस्तू सुरक्षिततेसाठी दूर ठेवाव्या लागत असतील, तर त्यांच्या प्रतिकृती असाव्यात. उत्खननाची छायाचित्रे, थरांचे मोठे चित्र, अहवालाचा मराठी सारांश असावा. शाळेची एखादी न गळणारी खोलीही चालेल. पावसाळी पाहुण्याची सोय होईल, ती वेगळीच.

तोवर आपल्या हातात एवढे आहे. पाऊस उघडल्यावर पांढरीवरून चालताना ओघळीत मणी किंवा नाणे चमकले, तर ते खिशात टाकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, कुठे सापडला हे माहीत नसलेला मणी मुका असतो. जागा लक्षात ठेवा, शक्य तर छायाचित्र घ्या आणि शाळेतल्या गुरुजींना किंवा तहसील कचेरीत सांगा. पाऊस जे उघडे करून ठेवतो, त्याची नोंद आपणच करायची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)