सनावळीतील नावे आणि मावळातील माणसे
(इ. स. १७०० ते १७२०)

इतिहासाच्या ग्रंथांना जोडलेल्या सनावळीत अठराव्या शतकाची पहिली वीस वर्षे दहा-बारा ओळींत आटोपतात. राजांचे मृत्यू, राज्याभिषेक, पेशव्यांचे जन्म व नेमणुका, गडांची हस्तांतरे एवढ्याच घटनांना तेथे स्थान मिळते. या तिथी खोट्या नाहीत आणि निरुपयोगीही नाहीत. परंतु त्या ज्या भूमीवर घडल्या, त्या भूमीवरील माणसांच्या दृष्टीने याच वीस वर्षांत नेमके काय घडले, हा प्रश्न सनावळी विचारीत नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशीचा मुलूख समोर ठेवून तो विचारून पाहण्यासारखा आहे.

मुळा, मुठा आणि मोसे या नद्यांच्या खोऱ्यांनी हा प्रदेश बनला आहे. कोरीगड आणि घनगड हे किल्ले याच तालुक्यात येतात. उत्तरेस तुंग, तिकोना व लोहगड, तर दक्षिणेस सिंहगड, राजगड व तोरणा अशी गडांची साखळी आहे. पश्चिमेच्या कड्यावरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा हे या साखळीचे कारण. हेच कारण दोन हजार वर्षांपूर्वीही होते. भाजे, कार्ले व बेडसे येथील लेणी घाटमाथ्याच्या बाजूस, तर ठाणाळे व खडसांबळे येथील लेणी घाटाखाली कोरली गेली, ती अशाच वाटांच्या आधाराने. ज्या वाटांनी व्यापारी आणि भिक्खू गेले, त्यांवर पुढे चौक्या बसल्या आणि अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांच्या रक्षणासाठी रक्त सांडले.

शतकाचा आरंभ मृत्यूने झाला. मार्च १७०० मध्ये छत्रपती राजाराम सिंहगडावर मरण पावले. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सिन्नरजवळील डुबेरे येथे बाजीरावांचा जन्म झाला. राज्याचा भार महाराणी ताराबाईंनी उचलला. १७०३ च्या एप्रिलमध्ये दीर्घ वेढ्यानंतर सिंहगड औरंगजेबाच्या हाती गेला. बादशहाने तो पावसाळा पुण्यात काढला. तेथे त्याचा नातू मुहि-उल्-मिलत वारला, म्हणून पुण्याला ‘मुहियाबाद’ असे नाव देण्यात आले. १७०४ च्या प्रारंभी राजगड व तोरणाही पडले. मात्र जिंकलेला गड टिकविणे मोगलांना साधले नाही. शंकराजी नारायण सचिव यांच्या कारभारात मराठ्यांनी हे गड पुन्हा घेण्यास प्रारंभ केला आणि १७०५ मध्येच सिंहगड परत मिळविला.

एका बादशाही बालकाच्या मृत्यूने पुण्याचे नाव बदलले, ही नोंद इतिहासात राहिली. परंतु १७०२ ते १७०४ या काळात दख्खनमध्ये अवर्षण, दुष्काळ व साथीचा रोग यांनी थैमान घातले होते. त्या दोन वर्षांत वीस लाखांहून अधिक माणसे मेली, असे समकालीन इटालियन प्रवासी मनुची याने लिहून ठेवले आहे. हा आकडा मोजणीचा नसून अंदाजाचा आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. तरीही संकटाचे प्रमाण त्यावरून कळते. या मृतांपैकी कोणाचेही नाव सनावळीत नाही. वेढ्यासाठी आलेल्या सैन्याचा दाणागोटा व वैरण भोवतालच्या मुलखातूनच ओरबाडली जाई. म्हणून गडाखालच्या गावांना युद्ध आणि दुष्काळ ही दोन वेगळी संकटे नव्हती.

३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि एकाच राज्याचे दोन दावेदार उभे राहिले. ताराबाईंशी इमानाची शपथ घेतलेले शंकराजी नारायण या पेचात सापडले आणि १७०७ मध्येच त्यांनी आपले जीवन संपविले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे यांनी घाट चढून लोहगड घेतला व पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि १७१४ मध्ये त्यांनी आंग्र्यांशी तह जुळविला. १७१९ मध्ये दिल्लीहून आलेल्या स्वराज्याच्या सनदेत पुण्याबरोबर मावळांचाही समावेश होता. २ एप्रिल १७२० रोजी बाळाजी विश्वनाथ सासवड येथे वारले.

या सर्व घडामोडींच्या मुळाशी एक प्रक्रिया चालू होती, तिला एकच एक तिथी देता येत नाही. ती म्हणजे वतनांची वाढ. राजारामाच्या काळापासून सरदार आपल्या बाजूस राखण्यासाठी मोगल आणि मराठे दोघेही वतने व इनामे देत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात वतनदारांविषयीची सावधगिरी स्पष्ट दिसते, ती या अनुभवामुळेच. परंतु वतन या एका शब्दाचे अर्थ दोन होते. देशमुख-पाटलास वतन म्हणजे मान, जमीन आणि हक्क. महारास वतन म्हणजे थोडी जमीन, बलुते आणि त्यांच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबणे. वेशीची राखण, शिवेची साक्ष, सरकारी निरोप पोचविणे, वसूल वाहून नेणे ही सर्व कामे त्यात येत. गडाच्या घेऱ्यातील चौकी-पहाराही रामोशी, कोळी, महार, मांग यांच्यावर असे. क्वचित एखादे नाव कागदावर उमटते. राजारामाच्या काळात वैराटगड परत घेणाऱ्या नागनाक महारांना नागेवाडीची पाटीलकी मिळाली. मात्र हा अपवाद होय. शिवेच्या तंट्यात ज्याची साक्ष प्रमाण मानली जाई, त्याला गावात मात्र अस्पृश्य मानले जाई.

दरबाराच्या तिथी आणि टिकाऊ घटना एक नसतात, याचे दुसरे उदाहरण त्याच वर्षांत सिंहलद्वीपात सापडते. औरंगजेब मेला त्या १७०७ साली कँडीच्या गादीवर वीर नरेंद्रसिंह बसला. तेथील भिक्खुसंघ तेव्हा क्षीण झाला होता आणि पुढे देशात एकही उपसंपन्न भिक्खू उरला नाही. १६९८ मध्ये जन्मलेले वेलिविट सरणंकर मात्र याच काळात श्रामणेर झाले. त्यांच्या अखंड खटपटीमुळे १७५३ मध्ये सयामहून उपाली थेर आले आणि उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू झाली. आज श्रीलंकेतील सयाम निकाय हा त्याचाच वारसा आहे. एका श्रामणेराच्या प्रव्रज्येची नोंद घेण्याचे त्या काळच्या राजकारणास कारण नव्हते. परिणाम मात्र राजवंशाहून अधिक टिकला.

मावळातही असेच घडले, पण उलट्या अर्थाने. छत्रपतींची दुफळी मिटली, पेशवाई आली आणि १८१८ मध्ये गेली. वतनाचे जोखड मात्र राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा लढा केवळ इंग्रजी कायद्याशी नव्हता, तर शतकानुशतके मुरलेल्या या व्यवस्थेशी होता. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणून सनावळी टाकून देऊ नये. ती अधिक काळजीपूर्वक वाचावी. १७०३ या सनापुढे ‘सिंहगड पडला’ असे लिहिलेले असेल, तर त्याच वर्षीचा दुष्काळ तेथे लिहावा. गडाच्या किल्लेदाराबरोबर घेऱ्यातील पहारेकरीही मोजावा. ज्यांच्या जन्ममृत्यूच्या तिथी कोणी लिहिल्या नाहीत, त्यांच्या श्रमांची नोंद महजर, सनदा आणि वतनपत्रे यांत विखुरलेली आहे. ती गोळा करणे हे पुढील अभ्यासकांचे काम आहे.