लाओकोऑन शिल्पसमूहाचे छायाचित्रण

'लाओकोऑन आणि त्याचे पुत्र' हा व्हॅटिकन संग्रहालयातील प्राचीन संगमरवरी शिल्पसमूह आहे. प्राचीन शिल्पाचे छायाचित्र कितपत विश्वासार्ह मानावे, या प्रश्नाच्या संदर्भात तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

कथा व शिल्प

ट्रॉयचा पुरोहित लाओकोऑन याने ग्रीकांचा लाकडी घोडा नगरात आणू नये, असे बजावले होते. पुढे समुद्रातून आलेल्या दोन सर्पांनी त्याला व त्याच्या दोन्ही पुत्रांना विळखा घातला. व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्यानुसार ट्रॉयवासीयांनी ही दैवी शिक्षा मानली आणि घोडा आत घेतला. थोरल्या प्लिनीने हे शिल्प ऱ्होड्स बेटावरील तीन शिल्पकारांचे असल्याचे नोंदवले आहे. १५०६ मध्ये ते रोममधील एका द्राक्षमळ्यात सापडले, तेव्हा लाओकोऑनचा उजवा हात तुटलेला होता.

उजवा हात आणि छायाचित्रे

सोळाव्या शतकात मोन्तोर्सोली या शिल्पकाराने वर ताणलेला हात घडवून जोडला. एकोणिसाव्या शतकात जेम्स अँडरसन आदी छायाचित्रकारांनी टिपले ते असे ताणलेल्या हाताचे शिल्प. त्या काळी एक्सपोजर दीर्घ असे. न हलणारा संगमरवर त्यामुळे सोयीचा विषय होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लुडविग पोलाक यांना रोममध्ये कोपरात दुमडलेला संगमरवरी हात आढळला. तो मूळ हात मानला जातो. मात्र तो शिल्पाला जोडला गेला १९५७ ते १९६० दरम्यानच्या दुरुस्तीत.

जुन्या छायाचित्रांतील लाओकोऑन सर्पाला दूर लोटणारा वीर वाटतो. नव्या छायाचित्रांत हात डोक्यामागे वळलेला असून झुंज जवळपास संपलेली दिसते. हा फरक किरकोळ नाही, कारण कथेचा अर्थच त्यामुळे बदलतो. साहजिकच छायाचित्र कोणत्या वर्षाचे, हे पाहिल्याविना त्यावरून शिल्पाविषयी मत बनवणे धोक्याचे आहे.

कोन व प्रकाश

कलेतिहासकार हाइनरिख व्योल्फलिन यांनी १८९६ पासून लिहिलेल्या लेखांत शिल्पाचे छायाचित्र शिल्पकाराला अभिप्रेत असलेल्या मुख्य बाजूनेच घ्यावे, असे प्रतिपादन केले. लाओकोऑनला ते बऱ्याच अंशी लागू पडते: समोरून तिन्ही आकृती व सर्पांचे विळखे एकत्र वाचता येतात, तर फार बाजूला सरकल्यास पुत्र पित्याआड जाऊ लागतात. प्रकाशाचे मात्र उलट आहे. थेट समोरून पडलेल्या प्रकाशात आक्रसलेले पोट व ताणलेल्या बरगड्या सपाट होतात. तिरप्या प्रकाशात त्या उठून दिसतात. छायाचित्रणाच्या शोधापूर्वीच, १७९८ मधील निबंधात, गटे यांनी हे शिल्प रात्री मशालीच्या उजेडात पाहण्याचे सुचवले होते. हलत्या ज्योतीने त्यांना दगडात जाणवलेली हालचाल स्थिर छायाचित्रात उतरत नाही.