शेंगदाण्यातील अदृश्य विष : अफ्लाटॉक्सिन

दाण्याचा कूट, शेंगदाण्याची चटणी आणि उपवासाची खिचडी यांमुळे मराठी स्वयंपाकघरात भुईमूग बारमाही असतो. या पिकाला जडणाऱ्या बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही जाणवत नाही.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले दगावली. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. तिच्यातील ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या नावावरूनच विषाचे नामकरण झाले. मका व अन्य धान्यांवरही ही बुरशी वाढते. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण मृत्युमुखी पडले.

शेतातील लागण

ही बुरशी मुळात मातीतच असते आणि भुईमुगाच्या शेंगा जमिनीखाली पोसतात. त्यामुळे लागण काढणीपूर्वीच होऊ शकते. दाणे भरण्याच्या अखेरच्या आठवड्यांत पावसाने ताण दिला व जमीन तापली, की दाण्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती घटते. वाळवी व अन्य किडींनी पोखरलेल्या, तसेच खुरपणीत इजा झालेल्या शेंगांत बुरशीला सहज शिरकाव मिळतो. काढणी लांबल्यास धोका वाढतो.

काढणी व साठवण

ताज्या उपटलेल्या शेंगांत भरपूर ओलावा असतो. खरिपाची काढणी परतीच्या पावसात सापडली, तर ढिगात पडलेल्या ओल्या शेंगांवर बुरशी झपाट्याने वाढते. म्हणून वेल उलटे करून, शेंगा वर राहतील अशा रीतीने वाळवावेत आणि दाण्यातील ओलावा ७ ते ८ टक्क्यांवर येईपर्यंत माल गोण्यांत भरू नये. फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची काही व्यापाऱ्यांची पद्धत या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवते. गोदामात गोण्या थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचणे आवश्यक असते.

आरोग्य व कायदा

हे विष मुख्यतः यकृतावर आघात करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा जुनाट संसर्ग असलेल्या व्यक्तीस यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. दूषित पेंड खाणाऱ्या गायी-म्हशींच्या दुधातही या विषाचे एक रूप उतरते. भारतात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी किलोमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. युरोपीय संघाची मर्यादा ४ मायक्रोग्रॅम असल्याने, निष्काळजीपणे वाळवलेला माल निर्यातीतून बाद होतो आणि त्याचा फटका शेतकऱ्याला बसतो.

घरातील दक्षता

भाजल्याने वा शिजवल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. भाजताना बुरशी मरते, पण तिने आधीच निर्माण केलेले विष बऱ्याच अंशी टिकून राहते. मात्र ते सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. बहुधा थोड्याच खराब दाण्यांत त्याचे मोठे प्रमाण एकवटलेले असते. त्यामुळे भाजण्यापूर्वी सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळ्या बुरशीचे व किडके दाणे निवडून टाकण्याची जुनी रीत शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. धोका त्यामुळे पूर्ण संपत नसला, तरी बराच कमी होतो. दाणे थोडेच आणावेत, कोरड्या व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि कुबट वास येणारा किंवा कडवट लागणारा दाणा गिळू नये. निवडून काढलेले दाणे जनावरांपुढे टाकणेही टाळावे, कारण ते विष दुधावाटे पुन्हा घरातच येऊ शकते.